धरणाखालच्या गार नदीत ट्राउट वर येतात, पण माशी घेत नाहीत. काय चुकतंय?

पहाटवारा

मंडळी, तीन वर्षं फ्लाय फिशिंग (गळावर धागा-पिसं बांधून केलेल्या खोट्या किड्याने, म्हणजे 'माशी'ने मासेमारी) करतोय, पण आजवर सगळं डोंगरातल्या ओढ्यांवर. तिथले ट्राउट कायम भुकेले. माशी जरा बरी पडली की झडप घालतात. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच एका मोठ्या धरणाच्या पायथ्याशी नदीत उतरलो. ऐन उन्हाळा, वर ऊन चटके देत होतं आणि पाण्यात थर्मामीटर ९ अंश दाखवत होता. पाणी इतकं नितळ, की मांडीपर्यंत आत गेलो तरी बुटाखालचा खडा न् खडा दिसत होता. मासेही दिसत होते, एकेक हातभर लांब.

दहाच्या सुमारास डोहाच्या शेपटाला, जिथे पाणी संथ होतं, तिथे वलयं उठायला लागली. एक ब्राउन ट्राउट तर दर आठ-दहा सेकंदांनी एकाच जागी वर येत होता. मी १४ नंबरची कॅडिस नावाची माशी टाकली, मग १६ ची अ‍ॅडम्स, मग १८ ची. तो माशीखाली यायचा, तिच्यासोबत वीतभर मागे वाहत जायचा आणि पुन्हा खाली बसायचा. असे दोन तास गेले. दुपारी धरणाचा, पाणी सोडण्याचा भोंगा वाजला, पाणी चढायला लागलं आणि मी बाहेर पडलो.

तर ते खात काय होते? आणि दुसरा प्रश्न बरेच दिवस मनात आहे. या नदीत मत्स्यबीज सोडणं कधीच बंद झालंय, सगळे मासे तिथेच जन्मतात. पण नदीच माणसाने गार केलेली. मग या माशांना जंगली म्हणायचं का?

खंड्या

पैजेवर सांगतो, चिलटं.

धरणाखालच्या नदीत वर्षभर पाण्याचं तापमान फारसं हलत नाही. अशा पाण्यात किड्यांचे प्रकार कमी आणि संख्या अफाट असते. चिलटांच्या अळ्या, झिंग्यासारखे दिसणारे बारके स्कड, पाण्यातल्या सोबग (चपटे, बहुपायी बारके जीव), एवढ्यावर मासा पोसतो. न्यू मेक्सिकोत नव्हाहो धरणाखाली सॅन हुआन नदी आहे. तिथे २२ ते २६ नंबरच्या माश्या हे रोजचं काम आहे. (नवीन वाचकांसाठी: नंबर जितका मोठा तितका गळ लहान. २४ नंबरचा गळ करंगळीच्या नखावर मावून जागा उरते.) तुमची १८ नंबरची माशी त्या माशाच्या दृष्टीने राक्षस होती.

आता एक विचारतो. मासा वर यायचा तेव्हा नेमकं काय दिसायचं? नाक, की पाठ? आणि मागे बुडबुडा राहायचा का?

पहाटवारा

खंड्याभाऊ, नीट आठवून सांगतो. नाक दिसायचं नाही. आधी पाठीवरचा पर, मग शेपटीचं टोक. बुडबुडा नव्हता.

खंड्या

मग झालं तर. मासा पाण्यावरचा किडा खातो तेव्हा तोंडात हवा जाते आणि कल्ल्यांतून बाहेर पडताना बुडबुडा राहतो. नुसती पाठ दिसली आणि बुडबुडा नसला, तर तो पृष्ठभागाच्या बोटभर खाली खातोय. चिलटाचा कोष वर येतो, पण पाण्याचा पापुद्रा फोडायला त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ तो लोंबकळत असतो, पळू शकत नाही. ट्राउट तेच उचलतो. तुम्ही पापुद्र्याच्या वर तरंगणारी माशी दिलीत, त्याला हवी होती पापुद्र्याखाली अडकलेली. २२ नंबरच्या गळावर काळा धागा, त्यावर बारीक चांदीची तार आणि डोक्याशी पिसाचा एवढासा पुंजका. बाकी काही बांधू नका.

निळा_डोह

बुडबुड्याचं माहीत नव्हतं! वाचनखूण साठवली.

भोवरा

खंड्याशी अर्धा सहमत. माशीचा आकार चुकला हे खरं, पण पहाटवारांच्या लिखाणातलं महत्त्वाचं वाक्य वेगळंच आहे: "तिच्यासोबत वीतभर मागे वाहत जायचा". मासा माशीखाली आला म्हणजे त्याला ती खाण्यासारखी वाटली होती. नंतर त्याने नाकारली, कारण ती पाण्याच्या गतीने जात नव्हती. दोरी तिला ओढत होती.

संथ पाणी फसवं असतं. वरून काचेसारखं दिसतं, आत चार वेगळे प्रवाह एकमेकांत घुसत असतात. आपण वीस हातांवर उभे, माशी अर्धा इंच तिरकी सरकली तरी आपल्याला दिसत नाही. माशाला दिसते. त्याला घाई नाही, पाणी हळू चाललंय, निरखायला भरपूर वेळ आहे. डोंगरी ओढ्यात त्याला तेवढा वेळच मिळत नाही.

उपाय दोन. टिपेट (दोरीच्या टोकाचा, माशीला बांधलेला बारीक दोरा) बारीक करा आणि लांब ठेवा. टिपेटच्या जाडीचा नंबर एक्समध्ये देतात; तो एक्सचा आकडा ११ मधून वजा केला की दोऱ्याची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मिळते. म्हणजे ६ एक्स हा ०.००५ इंच, सुमारे ०.१३ मिलिमीटर. अशा पाण्यात ६ किंवा ७ एक्स, निदान चार फूट. दुसरा उपाय जास्त महत्त्वाचा, जागा बदला. माशाच्या मागून वर टाकू नका. त्याच्या वरच्या अंगाला तिरकं उभं राहून खाली सोडा आणि काठीचं टोक माशीसोबत खाली नेत राहा. मग त्याच्या नजरेत आधी माशी येते, दोरी नंतर.

खंड्या

भोवरा, दोरीचं मान्य. पण १८ नंबरची अ‍ॅडम्स कितीही सरळ वाहिली तरी त्या दिवशी तो मासा ती घेणार नव्हता.

भोवरा

आणि तुमची २२ नंबरची तिरकी वाहिली असती तर तीही नाही. :) दोन्ही जमलं पाहिजे, एवढंच म्हणतोय.

अजून एक राहिलं. मासा किती खोल होता? पाण्याखालून वरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं, साधारण ९७ अंशांच्या शंकूतून. मासा ३० सेंटीमीटर खोल असेल तर खिडकी जेमतेम ६८ सेंटीमीटर रुंद. तो १५ सेंटीमीटरवर येऊन बसला की तीही निम्मी होते. वरचेवर खाणारा मासा असाच उथळ बसतो, म्हणून माशी त्याच्या नेमक्या रेषेत आली पाहिजे. दोन वीत बाजूला पडली तर त्याच्यासाठी ती पडलीच नाही.

निळा_डोह

एक अडाणी प्रश्न. बाहेर ऊन भाजतंय आणि पाणी ९ अंश, हे कसं? धरणातलं पाणी तर उन्हात तापायला हवं ना?

अबोली

अडाणी मुळीच नाही, सगळं त्यावरच उभं आहे.

खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर होतात. वरचा थर तापतो, हलका होतो आणि वरच राहतो. पाणी सर्वांत जड असतं ४ अंशांना, म्हणून हिवाळ्याचं गार पाणी तळाशी बसून राहतं. वरचा वारा त्याला हलवू शकत नाही. वीजनिर्मितीसाठी पाणी घेण्याचं तोंड बहुतेक मोठ्या धरणांत खोलवर असतं. त्यामुळे टर्बाइनमधून नदीत येतं ते तळातलं पाणी. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात, गंमत म्हणजे, इतर नद्यांपेक्षा कोमट. म्हणून ती गोठतही नाही. गाळ सगळा धरणात खाली बसलेला, त्यामुळे नितळ. प्रकाश तळापर्यंत पोचतो, शेवाळ वाढतं, शेवाळावर किडे, किड्यांवर मासे.

पण गार म्हणजे आपोआप चांगलं, असं नाही. युटामध्ये ग्रीन नदीवर फ्लेमिंग गॉर्ज धरण झालं, तेव्हा सुरुवातीला इतकं गार पाणी यायचं की ट्राउटसुद्धा धड वाढत नव्हते. १९७८ मध्ये पाणी घेण्याच्या तोंडांची रचना बदलून हव्या त्या थरातलं पाणी घेण्याची सोय केली, पाणी उन्हाळ्यात १२-१३ अंशांपर्यंत आणलं आणि मासे अंगाला लागले. आज ती ट्राउटसाठी जगभर नावाजलेली नदी आहे.

प्राणवायूचं उलटंच असतं. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांच्या पाण्यात ९. म्हणजे गार पाण्यात जागा जास्त. पण तळातलं पाणी महिनोन्‌महिने हवेला भेटलेलं नसतं, तळाचा कुजका पाला त्यातला प्राणवायू खाऊन टाकतो. उन्हाळ्याच्या अखेरीस काही धरणांखालच्या पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो तो यामुळेच. मग टर्बाइनमध्ये हवा ओढावी लागते, किंवा खाली बंधारा घालून पाणी आपटवावं लागतं.

निळा_डोह

अबोलीताई, दंडवत घ्या!

पाणमांजर

आता दुसऱ्या प्रश्नावर माझं स्पष्ट मत. जंगली म्हणू नका. कोणी किती आनंदाने गळ टाकतो याच्याशी मला भांडण नाही. पण त्या नदीत आधी कोण राहत होतं हे एकदा तरी विचारा.

ज्या फ्लेमिंग गॉर्जचं कौतुक वर झालं, तिथे धरणाचे दरवाजे बंद व्हायच्या आधी, १९६२ साली, ग्रीन नदी आणि तिच्या उपनद्यांच्या सुमारे सातशे किलोमीटर पात्रात रोटेनोन नावाचं मासेमार विष ओतलं. हेतू एवढाच, की मूळचे 'बिनकामाचे' मासे मरावेत आणि ट्राउटला मोकळी जागा मिळावी. कोलोरॅडोवर ग्लेन कॅन्यन धरण १९६३ मध्ये पाणी अडवायला लागलं. त्याआधी ती नदी उन्हाळ्यात २५ अंशांच्या वर जायची, गढूळ आणि कोमट. हम्पबॅक चब हा मासा त्या पाण्यासाठीच घडलेला. त्याची पाठ कुबडासारखी, डोळे बारके. पाणी गार झालं आणि मुख्य नदीत त्याची वीण थांबली. लिटल कोलोरॅडो या कोमट उपनदीच्या आधाराने तो टिकला.

ट्राउट सुंदर आहे. पण त्या नदीत तो पाहुणा आहे आणि घर त्याच्यासाठी रिकामं केलंय.

बांबूची_काठी

पाणमांजर, दुखरी गोष्ट सांगितलीत आणि खरी सांगितलीत. फक्त दोन शब्द वेगळे ठेवू या. 'मूळचा' म्हणजे जो तिथलाच. 'जंगली' म्हणजे जो नदीत अंड्यातून आला आणि कोणी खायला न घालता वाढला. ब्राउन ट्राउट युरोपचा. त्याची अंडी १८६४ साली शेवाळ आणि बर्फात बांधून जहाजाने टास्मानियाला नेली. तिथून न्यूझीलंडला. आज न्यूझीलंडच्या नद्यांतला ब्राउन मूळचा नाही, पण दीडशे वर्षं पिढ्यान्‌पिढ्या तिथे जगतोय. त्याला जंगली नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

पाणमांजर

फरक मान्य, काका. पण लोक 'जंगली' म्हणतात तेव्हा मनात 'अस्सल नदी' असं असतं. ती अस्सल नदी नाही, एवढं माहीत असू दे.

बांबूची_काठी

असू दे. जरूर असू दे.

आता मला भोंग्याबद्दल बोलायचंय, कारण पहाटवारांनी ते एका वाक्यात संपवलंय. विजेची मागणी वाढली की टर्बाइन सुरू होतात आणि विसर्ग काही मिनिटांत कितीतरी पट होतो. तुम्ही दोन-चार किलोमीटर खाली असलात, वारा उलटा असला, तर भोंगा ऐकूच येत नाही. एकदा मी नदीच्या मधल्या खडीच्या उंचवट्यावर होतो. समोर मासे लागत होते, मान वर केली नाही. अचानक मागचा खळाळ गप्प झाला. उथळ पाण्याचा आवाज बंद पडतो तो पाणी वाढल्यामुळे, हे कळायला मला जास्तीचं अर्धं मिनिट लागलं. येताना गुडघाभर पाण्यातून आलो होतो, जाताना कंबरेच्या वर होतं. ९ अंशांचं पाणी वेडरमध्ये (छातीपर्यंतच्या जलरोधक पायजम्यात) शिरलं. काठावर पोचलो, पण त्यानंतर तासभर बोटांनी साधी गाठ सुटेना.

तेव्हापासून पाण्यात उतरायच्या आधी काठावर एक दगड हेरून ठेवतो, अर्धा कोरडा अर्धा ओला. दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे बघतो. कोरडी बाजू कमी झाली की निघायचं, मासा लागलेला असला तरी. वाळकी पानं, काड्या एकदम वाहून यायला लागल्या तरी तेच, कारण पाणी चढताना काठावरचा कचरा उचलतं. विसर्गाचं वेळापत्रक आदल्या रात्री आणि सकाळी, दोनदा बघावं. वेडरचा पट्टा कमरेला घट्ट आवळलेला असावाच.

दगडफूल

काकांची पोस्ट धाग्याच्या वर चिकटवून ठेवा कोणीतरी.

बुटांचंही सांगते. दुसऱ्या नदीवर जायच्या आधी बूट, जाळी, वेडर घासून धुवा आणि कडकडीत वाळवा. डिडिमो नावाचं शेवाळ धरणाखालच्या गार, एकसारख्या वाहणाऱ्या पाण्यात तळभर भिजल्या लोकरीसारखं पसरतं. न्यूझीलंडमध्ये ते २००४ मध्ये सापडलं. त्याला नुसता ओला धागाही प्रवासाला पुरतो. म्हणून तिथे फेल्टच्या (ओल धरून ठेवणाऱ्या नमद्याच्या) तळव्याच्या बुटांवर २००८ मध्ये बंदी आली.

अबोली

काकांनी विसर्गाचा विषय काढलाच आहे, तर पाणी असं वर-खाली झालं की किड्यांचं काय होतं तेही सांगते. पहाटवारांच्या पहिल्या प्रश्नाचं खोलातलं उत्तर तिथेच आहे.

ग्लेन कॅन्यनखाली लीझ फेरीच्या पट्ट्यात मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिस हे पाण्यात वाढणारे, ट्राउटच्या आवडीचे पंखवाले किडे जवळजवळ नाहीतच. चिलटं आहेत. बरीच वर्षं लोक गार पाण्यालाच दोष देत होते. पण यातले बरेच किडे संध्याकाळी काठाच्या दगडांवर, पाण्याच्या अगदी कडेला अंडी चिकटवतात. त्या वेळी वीज जास्त लागते म्हणून पाणी चढलेलं असलं, तर अंडी वरच्या रेषेवर जातात. रात्री पाणी उतरलं की दगड उघडा पडतो आणि अंडी वाळून जातात. रोज संध्याकाळी हेच. संशोधकांनी हे २०१६ मध्ये मांडलं आणि २०१८ पासून एक साधा प्रयोग झाला. मे ते ऑगस्ट, शनिवार-रविवार विसर्ग कमी आणि स्थिर ठेवायचा. सुट्टीला विजेची मागणी कमी, त्यामुळे फारसं नुकसान नाही. खालच्या रेषेवर घातलेली अंडी मग पूर्ण आठवडाभर पाण्याखाली राहतात.

मला हे फार आवडतं. धरण पाडायला नको, कोट्यवधींचं यंत्र नको. आठवड्यात दोन दिवस नदीला हलवू नका, इतकंच.

आणि पाणमांजर, तुमच्यासाठी. तिथला जलाशय दुष्काळात इतका खाली गेला, की पाणी घेण्याच्या तोंडापर्यंत वरचा गरम थर आला. २०२२ मध्ये धरणाखाली स्मॉलमाउथ बास या शिकारी माशाची पिल्लं सापडली. बास चबलाही खातो. त्याची वीण होऊ नये म्हणून २०२४ मध्ये जुलै ते नोव्हेंबर तळाच्या नळांतून मुद्दाम गार पाणी मिसळत राहिले. ज्या गारव्याने चबचं घर मोडलं, तोच गारवा त्या वर्षी त्याला राखायला वापरला.

पाणमांजर

हे वाचून थोडा वेळ गप्प बसलो. धन्यवाद, अबोली.

खंड्या

धागा इतका चांगला चाललाय, तर मासा सोडण्याबद्दलही सांगतो. रेनबो ट्राउटवर १९९२ चा एक प्रयोग आहे. थकेपर्यंत पळवलेले मासे पाण्यातच ठेवले तर बारा तासांनी १०० पैकी ८८ जिवंत. तेच ३० सेकंद हवेत धरले तर ६२. मिनिटभर धरले तर फक्त २८. फोटोसाठी मिनिट कसं जातं कळत नाही. काटा दाबून सपाट केलेला गळ, ओले हात, रबराची जाळी, आणि मासा पाण्यातच ठेवून गळ सोडवायचा. शरद ऋतूत ब्राउन अंडी घालतात, तेव्हा तळाला खडीचा एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा उजळ, घासल्यासारखा दिसला तर त्यावर पाय देऊ नका. त्याखाली अंडी असतात.

पहाटवारा

मंडळी, काल परत गेलो होतो. तोच डोह.

आदल्या रात्री खंड्याभाऊंनी सांगितली तशी २२ नंबरची सहा चिलटं बांधली, दोन बरी जमली. पाणी ९.५ अंश. काठावर दगड हेरला. माशाच्या वरच्या अंगाला गुडघ्यावर बसलो आणि आधी नुसतं मोजलं. तो दर नऊ-दहा सेकंदांनी येत होता. पहिली दहा-बारा वेळा माशी बाजूने गेली, त्याने बघितलंही नाही. खिडकीचं गणित तेव्हा पटलं. मग एकदा ती बरोबर रेषेत आली. मला माशी दिसत नव्हतीच, तिच्यावर हातभर अंतरावर बांधलेला पांढरा लोकरीचा ठिपका दिसत होता. पर दिसला, शेपटीचं टोक दिसलं आणि ठिपका थांबला. मी हिसका दिला, दोरा तुटला.

तासाभराने दुसरा मासा, थोडा खाली. या वेळी हिसका नाही, काठी नुसती उचलली. लागला. तो वर उडाला नाही, जड अंगाने खोल गेला आणि तळाशी डोकं हलवत राहिला. प्रत्येक झटका मनगटात कळत होता. जाळीत आला तेव्हा तिरका पडून एका डोळ्याने माझ्याकडे बघत होता. पोट लोण्याच्या रंगाचं, बाजूवर तांबडे ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट निळसर कडं. चिलट वरच्या ओठाच्या कोपऱ्यात, तिळाएवढं. पाण्यातच सोडवलं. माझ्या बोटांमधून सरकून गेला तेव्हा हात गारठून बधिर झाले होते.

बाहेर येताना काठाच्या उथळ पाण्यात, दगडांच्या आडोशाला, बोटुकली दिसली. बारा-पंधरा तरी असतील. बाजूवर अंगठ्याने उमटवल्यासारखे काळसर ठसे, प्रवाहाकडे तोंड करून उभी. ती याच वर्षी या खडीतून आली आहेत. पाणमांजर, तुमचं सगळं लक्षात ठेवून मी त्यांना जंगली म्हणतो.

पाणमांजर

म्हणा. चबही लक्षात ठेवलात, मला तेवढं पुरे.

भोवरा

पहिला दोरा तुटला तो टिपेटच्या गाठीशी की माशीच्या?

पहाटवारा

माशीच्या. टोक गुंडाळल्यासारखं पिळलेलं होतं.

भोवरा

म्हणजे गाठ कोरडी ओढलीत. घर्षणाने दोरा भाजतो. ओठात धरून ओली करा, मगच आवळा.

खंड्या

आणि पुढच्या वेळी आभाळ भरलेलं, भुरभुर पाऊस असा दिवस निवडा. पाणी १० च्या आसपास असलं की दुपारी बेटिस निघतील, राखाडी पंखांच्या चिमुकल्या मेफ्लाय. त्यांच्यासारखी २० नंबरची ऑलिव्ह माशी बांधून ठेवा. तेव्हा मासा नाक बाहेर काढेल, बुडबुडाही दिसेल.